स्टूल नऊ फुटांवर

१

माझा जुना कॅमेरा अकरा वर्षं चालला. त्याच्या पोटात आरसा होता. बटण दाबलं की तो आरसा खट्ट करून वर जायचा आणि त्या आवाजाला पेंगुळलेली म्हातारी माणसंसुद्धा ताठ बसायची. त्याला डोळा लावला की समोरचं माणूस दिसायचं. म्हणजे खरंच दिसायचं, काचेतून आणि आरशातून आलेला त्याचाच उजेड. नव्या कॅमेऱ्यात आरसा नाही. डोळा लावायच्या जागी नखाएवढा टीव्ही बसवला आहे. समोर सख्खी बहीण बसलेली असली तरी त्यात दिसते ती फक्त तिची बातमी.

फार्गो शहरातल्या दुकानातल्या विक्रेत्याने दाढीवरून हात फिरवत सांगितलं होतं, "मॅडम, आरशाचे दिवस गेले. आता फोकसची काळजी तुम्ही करायचीच नाही. हा माणसाचा डोळा स्वतः शोधून काढतो."

"सत्तावीस वर्षं माणसांचे डोळे मीच शोधतेय," मी म्हटलं. "अजून एकही हरवला नाही."

मावशीच्या बोलण्यावर हसावं तसा तो हसला आणि माझा जुना कॅमेरा बदल्यात ठेवून घेतला. तो द्यायला नको होता.

नव्याचे गुण पहिल्याच दिवशी कळले. घरी गॅरेजमध्ये दिवे लावून बघते तर तो टीव्ही, म्हणजे व्ह्यूफाइंडर, काळा ठिक्कर. स्टुडिओच्या दिव्यांत दिसायला हवं असेल तर आधी एक सेटिंग बदलावं लागतं, हे पुस्तिकेच्या दोनशे ऐंशीव्या पानावर लिहिलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

माझा धंदा म्हणजे चर्चची फोटोपुस्तकं. इथे नॉर्थ डकोटातल्या लहान गावांत दर पाच-सहा वर्षांनी प्रत्येक चर्च आपल्या सगळ्या कुटुंबांचे फोटो काढून एक पुस्तक छापतं. आम्ही दोघी बहिणी गाडीत सामान भरून जातो आणि चर्चच्या तळघरातल्या दालनात दुकान मांडतो. स्टूल कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर, करडा पडदा पंधरा फुटांवर, दोन्ही जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण. फोटो मी काढते. लोकांना बसवणं, कॉलर सरळ करणं, रडक्या पोरांना हसवणं हे मार्लिसचं काम. आणि रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी मी तिलाच स्टुलावर बसवून प्रकाश तपासते.

मार्लिस माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवऱ्याने सोडल्यावर दोन पेट्या आणि एक वॅफलचं यंत्र घेऊन ती माझ्याकडे आली, त्याला आता नऊ वर्षं झाली. माझा नवरा त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. मूलबाळ दोघींनाही नाही. कोण कोणाला सांभाळतं यावरून आमचं अजून भांडण आहे, पण ती आली नसती तर त्या घरात मी आणि फ्रिजची घरघर एवढंच उरलं असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

२

ऑक्टोबरातला शनिवार होता. चर्च लूथरन पंथाच्या लोकांचं. तळघरात कॉफीचं मोठं पिंप उकळत होतं. मार्लिस स्टुलावर बसली, मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

या कॅमेऱ्याला डोळा सापडला की तो त्यावर एक बारीक पांढरी चौकट काढतो. आणि खाली आकडा लिहितो, फोकस किती फुटांवर पडला त्याचा. शहाणपण दाखवायची हौस, दुसरं काय!

चौकट आली. पण मार्लिसच्या चेहऱ्यावर नाही. तिच्या डाव्या खांद्याच्या वर, नुसत्या पडद्यावर येऊन बसली. खाली आकडा होता चौदा.

"अगं, हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? श्वाससुद्धा धरलाय."

मी पुन्हा बटण अर्धं दाबलं. चौकट तिथेच. फोटो काढून पाहिला. मार्लिसचा चेहरा मऊ, धुकट. मागचा पडदाही धुकटच.

"तुला ओळखत नाही हा," मी म्हटलं.

"मी कॅथलिक आहे ना. लूथरन चर्चमध्ये शिकवून पाठवलेला असणार," मार्लिस म्हणाली. "त्याला सांग, कॅथलिक असले तरी डोळे आहेत मला. दोन आहेत. मोज म्हणावं."

तेवढ्यात मिसेस थोर्सगार्ड आल्या. चर्चच्या समितीवर त्याच सगळं बघतात. सोबत नवरा, मुलगा, सून आणि तान्हं बाळ.

"मागच्या पुस्तकात तू मला दोन हनुवट्या दिल्या होत्यास, बर्टा," त्या मला म्हणाल्या.

"एक परत घेऊन जायला आलोय आम्ही," मार्लिसने त्यांची कॉलर सरळ करत सांगितलं. त्या हसल्या, आणि मी तेवढ्यात फोटो काढला.

पाचही जणांच्या डोळ्यांवर चौकट टपाटप फिरली. आकडा नऊ. फोटोत बाळाच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. दिवसभरात अठ्ठावीस कुटुंबं झाली आणि त्या डब्याने एकदाही चूक केली नाही. अख्खं गाव ओळखलं त्याने. ओळखली नाही ती माझी बहीण.

३

दुपारी मधल्या सुट्टीत मी तिला पुन्हा बसवलं. चौकट पुन्हा खांद्यामागे. आकडा आता तेरा.

"एकदा चुकला तर निदान त्याच जागी चुकावं," मी म्हटलं. "याला चुकायचंही धड कळत नाही."

दुकानात फोन लावला. दाढीवाल्याचा आवाज गोड होता.

"मॅडम, मागे फोकस पडायचा तो आरशाच्या कॅमेऱ्यांत. यात ते शक्यच नाही. जिथे चौकट, तिथे फोकस."

"चौकट माझ्या बहिणीच्या मागे आहे. तिथे कोणी नाही."

"पडद्यावर काही चित्र आहे का? डाग?"

"करडा पडदा आहे. सत्तावीस वर्षं तोच आहे."

"चौकट कुठल्या रंगाची दिसते? राखाडी की पांढरी?"

"पांढरी."

"राखाडी म्हणजे नुसतं डोकं सापडलं. पांढरी म्हणजे डोळा. मॅडम, रागावू नका, पण चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?"

फोन ठेवल्यावर मी त्याला जे म्हटलं ते चर्चच्या तळघरात बोलायचे शब्द नव्हते. मार्लिस तोंडावर हात ठेवून हसली. मलाही हसू आलं. पण परत कामाला लागताना मी पडद्यापाशी गेले आणि त्याच्या मागे वाकून पाहिलं. मागे घडीच्या खुर्च्यांची चळत होती आणि रविवारच्या शाळेतल्या पोरांनी कागदाची केलेली मेंढरं. मेंढरांना डोळे काढले होते, पण मध्ये जाड पडदा होता. त्यातून काही दिसणं शक्य नव्हतं.

४

रविवारी प्रार्थना संपायच्या आत आम्ही तळघरात होतो. वरून ऑर्गनचा आवाज येत होता आणि मध्येच सगळे एकदम उभे राहिले की छत करकरायचं.

आकडा होता बारा.

आता मात्र मी हे शांतपणे, एकेक करून तपासायचं ठरवलं. मार्लिसला स्टुलावरून उठवलं आणि रिकाम्या स्टुलाकडे कॅमेरा धरला. चौकट आलीच नाही. मग मी स्टुलावर बसले आणि कॅमेरा तिच्या हाती दिला.

"तुझ्या डोळ्यावर आहे," ती म्हणाली. "आकडा नऊ. तुझ्या केसांत पिठाचा डाग आहे, तोही दिसतोय."

म्हणजे कॅमेरा नीट होता. पडदा नीट होता. मग तिला पुन्हा बसवलं, चष्मा काढायला लावला, स्टूल डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, एक दिवा बंद केला. प्रत्येक वेळी चौकट तिच्या मागे. मी टेप घेऊन मागे गेले आणि बारा फुटांवर हवेत हात धरला. हाताला काही लागलं नाही. तिथे काही नव्हतंच. तरी मी हात जरा लवकरच मागे घेतला, हे कबूल केलं पाहिजे.

परत येऊन डोळा लावला. साडेअकरा.

काल सकाळी चौदा, दुपारी तेरा, आज बारा, आता साडेअकरा. मी स्वतःला सांगितलं, यंत्र गरम झालं की आकडे सरकतात. लेन्समध्ये काही ढिलं असेल. माझ्या मनात दुसरं कारण येऊ पाहत होतं आणि त्याला मी दार उघडलं नाही. त्यापेक्षा त्या डब्याचा राग येणं सोपं होतं.

"मार्लिस, तुला मागे कोणी आहे असं वाटतं का?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "सगळे लूथरन. आणि त्यांना कॉफी हवीये."

५

दुपारी कामं संपली. शेजारच्या स्वयंपाकघरात बायका भांडी घासत होत्या. मिसेस थोर्सगार्ड हात पुसत आल्या.

"आभाराच्या पानावर मार्लिसचा फोटो घालायचा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा येताय तुम्ही. नाही म्हणायचं नाही."

"मला कशाला!" मार्लिस म्हणाली, पण केस सारखे करत स्टुलावर जाऊन बसलीसुद्धा. आजवर कुणी तिचा फोटो पुस्तकासाठी मागितला नव्हता.

मी डोळा लावला. चौकट तिच्या मानेमागे. आकडा अकरा.

फोकस हाताने करता येतो. बाजूला एक कळ आहे, ती फिरवली की झालं. दोन सेकंदांचं काम. पण दोन दिवस त्या डब्याने मला माझ्याच बहिणीसमोर खोटं पाडलं होतं, आणि मला त्याची खोड मोडायची होती. जुन्या कॅमेऱ्यांचा फोकस कधी कधी दोन बोटं मागे पडायचा. दुरुस्तीला पाठवायला सवड नसली की आम्ही सगळे फोटोग्राफर एकच करायचो: माणसालाच दोन बोटं मागे घ्यायचो. यंत्र जिथे बघतंय तिथे माणूस बसवायचा. हा आमच्या धंद्यातला जुना, साधा उपाय. त्यात कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं.

"मार्लिस, स्टूल घेऊन दोन फूट मागे जा."

"पट्टीची खूण इथे आहे की."

"खूण राहू दे. याला तू तिथे हवीयेस, तर तिथे बस."

तिने स्टूल उचललं, मागे ठेवलं आणि बसली. तत्क्षणी चौकट तिच्या डाव्या डोळ्यावर येऊन चिकटली. अकरा. मी मनात म्हटलं, आता बोल!

मग मार्लिस सरकली. स्टुलाच्या अर्ध्या भागावर, उजवीकडे. चर्चच्या बाकावर उशिरा आलेल्याला जागा द्यावी तशी, न बघता, सवयीने.

"मधे बस ना. अर्धं स्टूल मोकळं कशाला सोडलंस?"

"मधेच तर बसलेय."

मिसेस थोर्सगार्ड माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काही विचित्र पाहिल्यासारखं केलं नाही. मी बटण दाबलं. या कॅमेऱ्याला खट्टही म्हणता येत नाही. फोटो निघाला हे कळलंसुद्धा नाही.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेवर फोटो मोठा करून पाहिला. इतका स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. एकेक पापणी, गालावरची बारीक लव. मग फोटोत खाली सरकले. मार्लिसच्या ब्लाउजची कॉलर एका बाजूने दुमडली होती. समोर बसलेली असताना मला ती तशी दिसत होती आणि मी सांगायची विसरले होते. फोटोत कॉलर सरळ होती. मार्लिसचे दोन्ही हात मांडीवर होते. कॉलरचं टोक तेवढं जरा आत दबलेलं होतं, कुणी चिमटीत धरून ओढावं तसं.

"झालं का?" मार्लिसने विचारलं आणि ती उठून माझ्याकडे आली.

मी वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

तिचा चेहरा धुकट होता.

६

जेम्सटाउनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं. नंबर तोच. मोतीबिंदू नाही, काही नाही. "तुमच्या वयात एवढे चांगले डोळे क्वचित दिसतात," ते म्हणाले. बाहेर बसलेली मार्लिस त्यांच्याशी बोलली, त्यांना ती व्यवस्थित दिसली. मिसेस थोर्सगार्डनाही दिसते. सगळ्यांना दिसते.

मला दिसत नाही. स्वयंपाकघरात ती समोर बसते तेव्हा तिच्या कपावरची चीर दिसते, कपाभोवतीची बोटं दिसत नाहीत. स्वेटरची वीण दिसते, वरचा गळा विरघळलेला. तोंडाच्या जागी उजेड असतो, गुलाबी, हलणारा. आवाज तिचाच. चालही तिचीच. विनोदही तेच आहेत. अगदी तेच आहेत.

"अगं, सांग ना त्याला," ती परवा वॅफल वाढताना म्हणाली, "कॅथलिक असले तरी डोळे आहेत मला. दोन आहेत."

"कोणाला सांगू, मार्लिस?"

ती हसली. मग तिने तेच पुन्हा म्हटलं, त्याच सुरात.

७

कॅमेरा मी परत करणार होते. खोक्यात ठेवण्याआधी, सत्तावीस वर्षांची सवय म्हणून, एकदा डोळा लावला. मार्लिस टेबलापलीकडे बसून टोपलीतली भाजी निवडत होती. चार फूटही नसतील.

चौकट लगेच आली. पांढरी. आणि मला माझी बहीण दिसली.

स्वच्छ दिसली. कपाळावरची लहानपणीची खूण, खालचा जरा वाकडा दात. टेबलाशी नव्हती ती. खुर्चीच्या मागे, ओट्याच्या अलीकडे होती, आणि तिच्या पुढ्यात खुर्चीत जे बसलं होतं ते काचेवरच्या वाफेसारखं होतं, त्यातून पलीकडचं दिसत होतं. खाली आकडा होता सहा. मार्लिस माझ्याकडे बघत नव्हती. मोठ्या दुकानाबाहेर आपली गाडी कुठे लावली ते आठवत नसलेल्या माणसासारखी इकडेतिकडे बघत होती. ओठ हलत होते.

मी कॅमेरा खाली घेतला. ओट्यापाशी कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकडा सात होता. तिसऱ्या दिवशी आठ. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या मागे सहा फुटांवर आहे. म्हणजे माझ्यापासून दहा. मी टेप लावून मोजलं.

चौथ्या दिवशी मी टेबल ढकलत बैठकीच्या खोलीत नेलं. तिथे मागे जास्त जागा आहे.

"हे काय नवीन?" खुर्चीतून आवाज आला.

"उजेड चांगला आहे इथे."

तिथे सहा दिवस निघाले. मग सोफा बाहेर काढला आणि टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, की तिच्या मागे सबंध खोली आणि पुढचा बोळ यावा. तिथे आणखी आठ दिवस. रोज एक फूट. मी रोज सकाळी, दुपारी डोळा लावून तिला हाक मारते, मोठ्याने. दर वेळी खुर्चीतून उत्तर येतं, "काय गं?" आणि पलीकडची मार्लिस त्या आवाजाने दचकते आणि अजून चुकीच्या दिशेला बघते. म्हणून आता मी हाक मारत नाही.

बोळाच्या टोकाला दार आहे. ती दाराला टेकली तेव्हा मी सगळं अंगणात आणलं.

नोव्हेंबर संपत आलाय. बीटची शेतं काढून झाली आहेत, आणि आमच्या अंगणाला मागून कुंपण नाही. टेबल मी असं मांडलंय की तिची खुर्ची शेताकडे पाठ करून येते. तिकडे काहीच नाही. घर नाही, झाड नाही, भिंत तर नाहीच. कॅनडापर्यंत सपाट आहे म्हणतात.

"थंडी आहे गं, बर्टा," समोरून आवाज येतो. "आत चल ना."

"थोडं थांब."

"एवढं काय बघतेस त्यातून?"

कालपासून कॅमेरा आकडा लिहीत नाही. तीस फुटांपुढे तो नुसता आडवा आठ दाखवतो, अनंताची खूण. त्याला तेवढ्याच अंतराची किंमत आहे, पुढचं सगळं त्याला सारखंच. पण चौकट अजून येते. मोहरीएवढी, पांढरी. उघड्या रानात मार्लिस उभी आहे, अंगात तोच ब्लाउज, कोट नाही. तिने डोळ्यांवर आडवा हात धरलाय आणि ती घर शोधतेय.

माझे हात गारठलेत. मी पापणीही हलवत नाही.